फ्लेवरवर बंदी आहे, मग आंब्याचा वेप दप्तरात आला कुठून?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात 'मँगो आइस' लिहिलेला, हायलाइटर पेनसारखा दिसणारा वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला. त्यांचे तीन प्रश्न आहेत. न्यू जर्सीत २०२० पासून फ्लेवरवाल्या वेपवर बंदी आहे, तर हा मिळाला कसा? बंदीचा उपयोग होत नसेल तर ती हवीच कशाला? आणि आता मुलाशी काय बोलायचं?

ताई, मी गेली सोळा वर्षं बॉस्टनच्या परिसरात तंबाखू सोडवण्याचं काम करते. अर्धा आठवडा शाळांमधल्या मुलांसोबत जातो, उरलेला अर्धा विक्रीचे, पाहणीचे आणि इंटरनेटवरच्या शोधांचे आकडे वाचण्यात. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली आहे. फ्लेवरवर बंधन आलं की लोकांची ओढ थोडी कमी होते, पण बरीचशी नुसती जागा बदलते. एका प्रकारच्या उपकरणातून उठते आणि नियमातून सुटलेल्या प्रकारात जाऊन बसते. तुमच्या मुलाच्या दप्तरात जे सापडलं ते या स्थलांतराचंच टोक आहे. म्हणून आधी प्रकार समजून घ्या.

माझ्या टेबलाच्या खणात रिकामी उपकरणं आहेत, मुलांनी स्वतःहून आणून दिलेली. त्यातलं एक ज्यूल कंपनीचं. पेनड्राइव्हसारखं चपटं, त्यात द्रव भरलेला नखाएवढा पॉड खटकन बसतो. पॉड संपला की तो फेकायचा, उपकरण चार्ज करून पुन्हा वापरायचं. दुसरं टाकीवालं. जड, बटणं असलेलं, वरून बाटलीतलं द्रव भरायचं. हे बहुतेक मोठ्या माणसांकडे असतं, कारण त्याची देखभाल करावी लागते आणि ते खिशात लपत नाही. तिसरं वापरा आणि फेका, म्हणजे डिस्पोजेबल. त्याला ना बटण, ना भरणं, ना काही जोडणं. पाकीट फोडलं, तोंडाला लावून ओढलं की टोकाचा दिवा लागतो. 'पफ बार' या नावाचे सुरुवातीचे डिस्पोजेबल च्युइंगगमच्या पाकिटाएवढे होते. आता तळहातात मावणारे गुबगुबीत येतात, काहींना तर किती द्रव उरलं ते दाखवणारा छोटा स्क्रीनसुद्धा असतो. मागच्या वर्षी एका मुलीने रिकामा वेप माझ्यासमोर ठेवला. आत काही उरलं नव्हतं, तरी त्याला कलिंगडाच्या गोळीसारखा वास येत होता. तो खण आजही उघडला की वास येतो.

आता घटनाक्रम. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे प्रमुख स्कॉट गॉटलिब यांनी शाळकरी मुलांच्या वेपिंगला 'साथ' म्हटलं. तेव्हा मुलांमध्ये ज्यूलचंच राज्य होतं. दबाव वाढल्यावर कंपनीने त्याच नोव्हेंबरात आंबा, फळं, क्रीम आणि काकडी हे फ्लेवर दुकानांतून काढले, ऑनलाइन मात्र चालू ठेवले. पुदिना आणि मेन्थॉल दुकानात राहिले. मग काय झालं? मुलं पुदिन्याकडे वळली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन फ्लेवरही थांबले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांमध्ये पुदिना किती चालतो हे दाखवणारे अभ्यास छापून आले आणि त्याच आठवड्यात कंपनीने पुदिनाही मागे घेतला. मग मेन्थॉलची विक्री चढली. एकेक दार लावत गेले आणि गर्दी शेजारच्या दारापाशी जमत गेली.

केंद्र सरकारचा नियम आला २ जानेवारी २०२० ला आणि लागू झाला ६ फेब्रुवारीला. त्याचे शब्द महत्त्वाचे आहेत. तयार भरलेल्या कार्ट्रिजच्या, म्हणजे पॉडच्या उपकरणांमध्ये तंबाखू आणि मेन्थॉल सोडून इतर फ्लेवर विकले तर कारवाई. एवढंच. टाकीवाली उपकरणं या नेमक्या कारवाईच्या बाहेर ठेवली, कारण ती मोठ्यांची आणि ती विकणारी छोटी दुकानं हजारो. आणि डिस्पोजेबलही बाहेर राहिली. त्या वेळी बाजारात पॉडच्या तुलनेत त्यांचा वाटा लहान होता, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नसावं. आमच्या कामात असलेल्या अनेकांनी तेव्हाच बोट दाखवलं होतं, की फ्लेवर तोच, निकोटीन तेच, फक्त डबी वेगळी, आणि तिला तुम्ही मोकळं सोडताय.

इथे एक बारकावा आहे, जो बातम्यांत हरवतो. शाळकरी मुलांची राष्ट्रीय तंबाखू पाहणी २०२० मध्ये जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत झाली, म्हणजे नियम लागू होण्याच्या अगदी आजूबाजूला. हायस्कूलमधल्या वेप ओढणाऱ्या मुलांपैकी डिस्पोजेबल वापरणारी २०१९ मध्ये २.४ टक्के होती, २०२० मध्ये २६.५ टक्के. एका वर्षात अकरा पट. नियमाची शाई वाळायच्या आत हे घडलं, तेव्हा याचं सगळं खापर एकट्या त्या नियमावर फोडता येत नाही. मुलं कंपनीने फ्लेवर काढले तेव्हापासूनच हलायला लागली होती. नियमाने त्या वाटेवर फक्त पाटी लावली, की पुढचा रस्ता मोकळा आहे.

लोकांची ओढ मोजायची कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण पालक म्हणून तुम्हालाही ते कामाला येईल. आम्ही विक्रीचे आणि पाहणीचे आकडे बघतो, त्यासोबत गुगलवर लोक काय शोधतात तेही बघतो. पाहणीचा निकाल यायला महिने लागतात, शोधांचा आलेख दुसऱ्या दिवशी दिसतो. २०२० च्या पहिल्या सहामाहीत 'ज्यूल' हा शब्द शोधणं उतरत गेलं आणि 'पफ बार' चढत गेलं, ते आम्हाला पाहणीच्या कितीतरी आधी दिसलं. पण हा आलेख वाचताना सांभाळावं लागतं. गुगल ट्रेंड्स माणसं मोजत नाही. निवडलेल्या काळातला सर्वांत उंच बिंदू तो १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत दाखवतो. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात वेपविषयीचे शोध आभाळाला भिडले, ते लोकांना वेप हवा होता म्हणून नव्हे. त्या उन्हाळ्यात फुफ्फुसं निकामी होऊन तरुण मुलं दवाखान्यात भरती होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ केसेस आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. कारण मुख्यत्वे निघालं ते गांजाच्या बेकायदा कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. तेव्हा शोधणाऱ्यांत घाबरलेले आईबाप किती आणि गिऱ्हाईक किती, हे नुसत्या रेषेवरून कळत नाही. म्हणून मी नावापुढचे शब्द बघते. 'धोकादायक आहे का' असं असेल तर ती काळजी. 'जवळ कुठे मिळेल', 'स्वस्त', 'कोणता फ्लेवर चांगला' असं असेल तर ती खरेदी. बंदीच्या घोषणेनंतर 'ज्यूल'सोबत बातम्यांचे शब्द येत होते आणि डिस्पोजेबलच्या नावांसोबत फ्लेवरचे. ओढ कुठल्या प्रकाराकडे सरकली ते मला तिथे दिसलं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे नवं वाटू नये. २०१२ च्या जुलैत राज्यात गुटखा बंद झाला. गुटखा म्हणजे पान मसाला आणि तंबाखू एका पुडीत. बंदीनंतर टपऱ्यांवर दोन पुड्या शेजारी लटकल्या, एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईकाने दोन्ही फाडायच्या आणि तळहातावर मिसळायच्या. नियम पुडीवर लागला होता, चव आणि तलफ जशीच्या तशी राहिली. माझ्या मामांनी त्या दोन पुड्या हातावर मिसळताना मी पाहिलं आहे. म्हणूनच २०२० चा नियम वाचला तेव्हा मला पहिल्यांदा ती टपरी आठवली.

पुढची चाल अधिक वाईट होती. जुलै २०२० मध्ये प्रशासनाने पफ बारला ताकीद दिली आणि माल काही काळ मागे घेतला गेला. पण २०२१ च्या सुरुवातीला तो परत आला, 'आमचं निकोटीन तंबाखूच्या पानातलं नाही, प्रयोगशाळेत बनवलेलं आहे' असं म्हणत. कायदा तंबाखूपासून काढलेल्या निकोटीनवर होता, त्यामुळे कृत्रिम निकोटीन त्याच्या कक्षेत बसत नव्हतं. ही फट मार्च २०२२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून बुजवली, १४ एप्रिलपासून कुठलंही निकोटीन प्रशासनाच्या अखत्यारीत आलं. पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी मुलांच्या तोंडी पहिलं नाव पफ बारचं होतं. २०२३ पासून ती जागा एल्फ बार या दुसऱ्या डिस्पोजेबलने घेतली.

दुकानांच्या विक्रीतही तेच उमटलं. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ई-सिगारेटच्या नगांमध्ये पॉडचा वाटा ७५.२ टक्के होता आणि डिस्पोजेबलचा २४.७. डिसेंबर २०२२ मध्ये पॉड ४८ वर आले आणि डिस्पोजेबल ५१.८ वर. आणि या काळात महिन्याची एकूण विक्री घटली नाही, १ कोटी ५५ लाख नगांवरून २ कोटी २७ लाखांवर गेली. यात ऑनलाइन आणि खास वेपच्या दुकानांची विक्री धरलेलीच नाही. शिवाय नग मोजताना एक पॉडचं पाकीट आणि पाच हजार झुरक्यांचा एक डिस्पोजेबल दोन्ही सारखेच धरले जातात, म्हणजे शरीरात गेलेलं निकोटीन या आकड्यांपेक्षाही जास्त वाढलं असणार.

आता तुमचा पहिला प्रश्न: न्यू जर्सीत हा मिळाला कसा? तुमच्या राज्याने २०२० च्या एप्रिलमध्ये लागू केलेला कायदा केंद्राच्या नियमापेक्षा कितीतरी घट्ट आहे. तंबाखूची चव सोडून सगळे फ्लेवर बंद, मेन्थॉलसुद्धा, आणि उपकरण कुठलंही असो. कागदावर फट नाही. पण डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया, तिथे असा कायदा नाही. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्सने तर १ जून २०२० पासून मेन्थॉल सिगारेटसकट सगळा फ्लेवरवाला तंबाखू बंद केला, देशात पहिल्यांदा. मग लोक उत्तरेला न्यू हॅम्पशायरमध्ये जाऊ लागले. हद्द ओलांडली की पहिल्याच चौकात दुकानं आहेत, शनिवारी तिथल्या पार्किंगमध्ये आमच्या राज्याच्या नंबरप्लेट दिसतात. शाळेत एखादा मोठा मुलगा दहा नग आणतो आणि बाकीच्यांना विकतो. मुलं मला त्याचं नाव सांगत नाहीत, मी विचारतही नाही, पण भाव सांगतात.

त्याच्याही मागे मुख्य झरा आहे चीनमधल्या शेन्झेनचा, जिथे जगातली बहुतेक ही उपकरणं बनतात. चीनने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात फळांच्या चवीचे वेप विकायला बंदी केली, फक्त तंबाखूची चव ठेवली. निर्यातीला मात्र ती बंदी लागू नाही. स्वतःच्या मुलांना जे देत नाहीत ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी बोटीत भरतात, याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेत २०२५ च्या मध्यापर्यंत जी काही उत्पादनं अधिकृतपणे मंजूर झाली ती सगळी तंबाखू किंवा मेन्थॉल चवीची. म्हणजे तुमच्या मुलाकडचा 'मँगो आइस' तुमच्या राज्यात बेकायदा होताच, आणि केंद्राच्या हिशेबानेही परवानगीशिवायच बाजारात आला होता.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना मी थोडी सावध आहे, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक आकडे आपापल्या सोयीने ओढतात. हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं २०१९ मध्ये वेप ओढत होती, २०२४ मध्ये ७.८ टक्के. ही घट खरी आहे आणि मोठी आहे. पण ती फ्लेवरच्या बंधनामुळे झाली असं मी छाती ठोकून म्हणणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात फुफ्फुसांच्या आजाराची भीती पसरली, २० डिसेंबर २०१९ ला देशभर विक्रीचं वय २१ झालं, फेब्रुवारीत फ्लेवरचा नियम आला आणि मार्चमध्ये शाळाच बंद पडल्या. मुलांना वेप मुख्यतः मित्रांकडून मिळतो, आणि मित्रच भेटेनासे झाले. सहा-आठ महिन्यांत एवढं सगळं कोसळल्यावर कुणाचं श्रेय किती हे वेगळं काढणं फार कठीण आहे. जी मुलं उरली आहेत त्यांचं मात्र नीट बघा: २०२४ मध्ये वेप ओढणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ८७.६ टक्के फ्लेवरवालंच ओढत होती, ५५.६ टक्के डिस्पोजेबल वापरत होती, आणि चौघांत एकाहून जास्त मुलं रोज ओढत होती. संख्या घटली, पण उरलेल्यांची गाठ घट्ट झाली.

विरोधी बाजूही ऐकायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्लेवरबंदीवर येल विद्यापीठाच्या अबिगेल फ्रीडमन यांचा २०२१ चा अभ्यास आहे. त्यात बंदीनंतर तिथल्या हायस्कूलच्या मुलांमध्ये सिगारेट ओढण्याची शक्यता इतर शहरांच्या तुलनेत दुपटीहून वाढलेली दिसली. वेप नाही तर सिगारेट, ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण त्यावर आक्षेप असा आला की ती माहिती २०१८ च्या शरद ऋतूतली होती आणि शहराने कारवाई सुरू केली २०१९ च्या जानेवारीत, मग बंदीचा परिणाम म्हणायचा कशाला? मला तो आक्षेप वजनदार वाटतो. तरीही सिगारेट सोडण्यासाठी वेपचा आधार घेतलेले चाळिशी-पन्नाशीतले लोक माझ्याकडे येतात. त्यांना फळाची चव हवी असते, कारण तंबाखूची चव त्यांना जुन्या सवयीकडे ओढते. त्यांचं म्हणणं मी खोटं धरत नाही.

एवढं सगळं पाहून माझं मत असं आहे. अर्धवट बंदी सगळ्यांत वाईट. नियम फ्लेवरवर करायचा असेल तर तो एकाच दिवशी सगळ्या उपकरणांवर यायला हवा, नाहीतर सरकारच मुलांना पुढचा प्रकार शोधून देतं. आणि जो प्रकार शोधून दिला जातो तो आधीच्यापेक्षा स्वस्त आणि जास्त निकोटीनचा असतो, हे आपण २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिलं. 'फ्लेवर' या शब्दाची व्याख्याही सैल ठेवून चालत नाही. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ मध्ये मेन्थॉल बंद झाल्यावर तोच गारवा देणारी पण मेन्थॉलचा वास नसलेली रसायनं घातलेल्या सिगारेटी बाजारात आल्या. 'मँगो आइस'मधला 'आइस' म्हणजे हा गारवाच. आंबा मुलाला जवळ बोलावतो आणि गारवा घशाची जळजळ लपवतो, म्हणून त्याला खोल झुरका घेता येतो.

आता तुमच्या मुलाचं. त्याला पहिला प्रश्न 'का' असा विचारू नका. 'हा एक किती दिवस जातो?' असं विचारा. यावरून तुम्हाला जेवढं कळेल तेवढं दुसऱ्या कशावरून कळणार नाही. हिशेब असा: ज्यूलच्या पाच टक्क्यांच्या एका पॉडमध्ये ०.७ मिली द्रव आणि साधारण ४० मिलिग्रॅम निकोटीन असायचं. कंपनी स्वतःच एक पॉड म्हणजे सिगारेटचं एक पाकीट असं सांगायची. मोठ्या डिस्पोजेबलमध्ये दहा-तेरा मिली द्रव असतं, पाच टक्क्यांचं असेल तर ५०० ते ६५० मिलिग्रॅम निकोटीन. म्हणजे बारा ते सोळा पॉड. तो एकटा वापरून एका आठवड्यात संपवत असेल तर रोजचे दोन पॉड झाले. महिनाभर पुरत असेल किंवा चौघांत फिरत असेल तर गोष्ट वेगळी, अजून हात धरून परत आणण्यासारखी. मग विचारा की सकाळी उठल्यावर किती वेळाने ओढावंसं वाटतं. अर्ध्या तासाच्या आत असेल तर ती सवय राहिलेली नाही, शरीराची गरज झाली आहे, आणि अशा मुलाला ओरडणं म्हणजे ताप आलेल्याला ओरडण्यासारखं.

तसं असेल तर त्याच्या डॉक्टरांकडे न्या आणि निकोटीन पॅचबद्दल स्पष्ट विचारा. अठराच्या खालच्या मुलांना पॅच दुकानात मिळत नाहीत, पण अवलंबित्व जास्त असेल तर बालरोगतज्ज्ञ ते लिहून देण्याचा विचार करू शकतात. २०२५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने १६ ते २५ वयाच्या वेप ओढणाऱ्यांवर व्हॅरेनिक्लिन या गोळीची चाचणी छापली. बारा आठवड्यांच्या अखेरीला गोळी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के वेपपासून दूर होते, नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के, आणि समुपदेशन दोघांनाही होतं. हेही डॉक्टरांना विचारा, निर्णय त्यांचा. १-८००-क्विट-नाऊ हा फोन फुकट आहे, तिथे आईबापांशीही बोलतात.

आणि डिसेंबरात पुण्याला जाणार असाल तर त्याच्या सामानात वेप राहू देऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातच बंद आहे, फ्लेवर कुठलाही असो, उपकरण कुठलंही असो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्याला निघायच्या आदल्या रात्री सांगू नका, आत्ताच सांगा. सोडायला त्याला तारीख मिळेल, आणि माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांची सुरुवात अशाच एखाद्या ठरलेल्या तारखेपासून झाली आहे.